घरची विहीर, घरची बोअर : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

मे महिना लागला की मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा या नाशिकच्या कडेच्या वस्त्यांत एकच बोलणं कानावर येतं : ‘बोअर उतरली, अजून शंभर फूट खाली घेऊ का?’ जूनच्या दुसऱ्या पावसानंतर तीच माणसं विचारतात, ‘पाण्याला वास येतोय, कुठला आरओ बसवू?’ दोन्ही वेळा शेवटचं काम आधी करायला घेतलेलं असतं. पाणी किती आहे हे न मोजता खोली वाढवायची, घाण कुठून शिरते हे न पाहता यंत्र बसवायचं, आणि बोअरचं तोंड उघडं असताना गच्चीचं पाणी आत सोडायचं. खर्च होतो आणि पाणी आणखी बिघडतं.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि कामंही त्याच क्रमाने करा. एप्रिल-मे हा सुरुवातीला उत्तम काळ, कारण पाणी तळाला गेलेलं असतं आणि दोष उघडे पडतात.

१. आपलं पाणी कुठल्या थरातलं आहे ते शोधा

नाशिक बेसाल्टवर वसलं आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, आणि मधूनमधून दोन थरांच्या सांध्यात लाल गेरूचा पट्टा. पाणी मुरमात, मांजऱ्यात, पाषाणाच्या भेगांत आणि थरांच्या सांध्यांत असतं. अखंड काळ्या पाषाणात पाणी नसतं. म्हणूनच शेजाऱ्याची बोअर भरून वाहते आणि साठ फुटांवरची तुमची कोरडी जाते. त्याला भेग लागली, तुम्हाला लागली नाही, इतकंच. खाली जावं तशा भेगा विरळ होतात. ‘अजून शंभर फूट’ हा सल्ला बहुतेक वेळा पैसे पाण्यात घालणारा का ठरतो, ते यातून कळेल.

तिन्ही गोष्टी एका वहीत लिहा : बोअर एकूण किती फूट आहे, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) किती फुटांपर्यंत आहे, पहिलं आणि मुख्य पाणी किती फुटांवर लागलं. बोअर मारली तेव्हाची पावती शोधा. पावती नसेल तर मोटार उतरवणाऱ्या मेस्त्रीला विचारा. किती पाइप सोडले ते त्याच्या लक्षात असतं.

विहीर आणि बोअर दोन्ही असतील तर एक गैरसमज आधी दूर करा. विहिरीचं पाणी वेगळं आणि बोअरचं वेगळं, असं फार थोड्या ठिकाणी असतं. विहीर मुरमातल्या झऱ्यांवर जगते. बोअर तोच मुरूम भेदून खाली जाते, आणि केसिंग आखूड असेल तर मुरमातलं पाणी बोअरमध्ये उतरतं. विहिरीला लागलेली घाण मग बोअरलाही लागते.

*तपासा :* विहिरीच्या पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा आणि मग बोअर दोन तास चालवा. रेषा खाली गेली तर दोन्हीचं पाणी जोडलेलं आहे. हीच चाचणी शेजाऱ्याची बोअर चालू असताना करा. निकाल पाहून दोन घरांनी उपशाच्या वेळा वाटून घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि तो तोडगा नव्या बोअरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

२. मोजा, आणि तारीख घालून लिहा

हे काम कुणी करत नाही, आणि पुढचे सगळे निर्णय याच्यावरच उभे असतात.

विहिरीसाठी न ताणणारी दोरी आणि तिच्या टोकाला वजन पुरेसं आहे. सुतळी नको, ती ओली झाली की लांबी बदलते. कठड्यावर एक पक्की खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा.

बोअरमध्ये मोटारीच्या पाइपाशेजारून दोरी सोडली तर ती केबलला अडकते, म्हणून मोटार वर काढाल तेव्हा सोबत अर्धा इंची पीव्हीसी पाइप कायमचा सोडून ठेवा. त्यातून दोन तारांची वायर खाली जाते; टोकं पाण्याला टेकली की वर जोडलेला मल्टीमीटर दाखवतो. वरून त्या पाइपाला बूच हवंच.

मोजण्याआधी मोटार किमान सहा-आठ तास बंद हवी. पहाटे, कुणी नळ सोडायच्या आत मोजलेलं सगळ्यात खरं. वर्षातून दोन मापं अनिवार्य : मे अखेर आणि ऑक्टोबरचा मध्य. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे पावसाने तुमच्या जागेत दिलेली भर. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की ऑक्टोबरचं माप दरवर्षी खाली सरकतंय की नाही हे समजतं. मे महिन्यात पाणी उतरणं नेहमीचं आहे. ऑक्टोबरचं उतरणं काळजीचं.

कालव्याच्या पट्ट्यात राहत असाल, उदाहरणार्थ गंगापूर डाव्या कालव्याजवळ, तर आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना माप घेऊ नका. पाझराने विहिरी चढतात आणि भर पावसाची वाटते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला धो-धो पाऊस असूनही एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात, कारण उतार तीव्र आणि माती पातळ. पडलेलं पाणी थांबत नाही. तिथल्या माणसाने ‘आमच्याकडे पाऊस भरपूर’ म्हणून निर्धास्त राहू नये.

यानंतर झिरप, म्हणजे उपशानंतर पाणी परत भरण्याचा वेग, मोजा. एक तास मोटार चालवा, पाणी किती उतरलं ते लिहा, मोटार बंद करून किती वेळात पूर्ववत चढलं ते लिहा. एका तासाच्या उपशाला चार तास लागत असतील तर दिवसाला तासा-तासाचे चार फेरे पुरेत, एका दमात चार तास नकोत. सलग उपशाने पाणी मोटारीखाली जातं, मोटार कोरडी चालून जळते, आणि रिकाम्या झालेल्या भेगांतून गाळ ओढला जातो. ड्राय-रन बंद करणारं पॅनेल बसवलं नसेल तर हे पहिलं यंत्र घ्या, आरओच्याही आधी.

३. तोंड आणि भोवताल बंद करा

सकाळी, ऊन तिरपं असताना, एक हातभर आरसा घेऊन बोअरपाशी बसा. झाकण काढा आणि ऊन आरशाने आत वळवा. गोल प्रकाश केसिंगवरून सरकत खाली जातो. केसिंग जिथे संपतं तिथे नीट पाहा. कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या खडकावर ओली काळी रेघ उतरताना दिसली, किंवा केसिंगच्या सांध्यातून थेंब सुटताना दिसला, तर वरचं पाणी आत येतंय. आमच्या कॉलनीतल्या एका बोअरमध्ये अशी रेघ दिसली. ती जिथून येत होती त्या दिशेला बारा फुटांवर धुणं धुण्याचा दगड होता, आणि त्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिथेच जिरत होतं. पाण्याला साबणाचा फेस का येतो, हे कोडं तिथे सुटलं.

बोअरच्या तोंडाशी एवढं हवंच :

- केसिंग जमिनीपासून फूट-दीड फूट वर. पावसात पाणी साचतं त्या पातळीच्या वर.
- केसिंगभोवती सिमेंटचा चौथरा, बाहेरच्या बाजूला उताराचा.
- केसिंग आणि खडक यांच्यातली फट वरच्या दहा फुटांत तरी सिमेंटच्या पातळ लगद्याने भरलेली. बहुतेक ठिकाणी तिथे बोअरचाच चुरा ढकललेला असतो आणि पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली जातं.
- घट्ट झाकण. केबलच्या भोकाला रबर. पोतं किंवा फरशीचा तुकडा म्हणजे झाकण नव्हे.

विहिरीला कठडा हवा, जाळी हवी, आणि कठड्याबाहेर चारी बाजूंनी तीन-चार फुटांचा पक्का ओटा हवा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांतले आड पाहा : आडाभोवती दगडी फरशी आणि तिला पन्हळ असायची. सांडलेलं पाणी परत आत जाऊ नये, याची ती सोय होती.

आता अंतर. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट (१५ मीटर) दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला, असा सर्वसाधारण नियम आहे. तो मातीच्या जमिनीसाठी ठीक. आपल्या भेगाळ खडकात मैला एखाद्या भेगेतून दूरवर जाऊ शकतो, म्हणून ५० फूट हे किमान समजा आणि जमेल तितकं वाढवा. नव्या प्लॉटिंगमध्ये ड्रेनेज लाइन पोहोचलेली नसते. प्रत्येक प्लॉटला स्वतःची टाकी, स्वतःची बोअर, आणि दोन्ही भिंतीच्या दोन बाजूंना. तिथे शेजाऱ्याची टाकी कुठे आहे ते भिंतीपलीकडे जाऊन बघून या.

*सावधान, द्राक्षबागायतदारांसाठी :* फवारणीची टाकी भरताना मोटारीचा पाइप औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. वीज गेली की पाइपातलं पाणी उलट फिरतं आणि टाकीतलं औषध ओढून विहिरीत नेतं. पाइपाचं टोक टाकीच्या काठापेक्षा वीतभर वर लटकलेलं ठेवा आणि लाइनीत नॉन-रिटर्न (पाणी उलट येऊ न देणारा) व्हॉल्व बसवा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या विहिरीच्या ओट्यावर धुवायच्या नाहीत. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात ही चूक अगदी नेहमीची आहे आणि तिचे परिणाम डोळ्यांना दिसत नाहीत.

४. तपासणी : काय, कधी, कशी

टीडीएसचं पेन म्हणजे तपासणी नव्हे. ते फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतं. २८० टीडीएसच्या पाण्यात मैल्याचे जंतू असू शकतात, आणि ९०० टीडीएसचं पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ हे आहे. त्यातले घरासाठी महत्त्वाचे आकडे : टीडीएस ५०० (दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत), कठीणपणा २०० (तसाच ६०० पर्यंत), नायट्रेट ४५, फ्लोराइड १ (१.५ पर्यंत), सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. सामू (पीएच) ६.५ ते ८.५. आणि ई. कोलाय (मैल्यातला जंतू) १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. नायट्रेटच्या ४५ ला सूट नाही, हे लक्षात ठेवा.

शेतीच्या पट्ट्यात नायट्रेट पहिलं तपासा. युरिया आणि शेणखताचा नत्र पावसाबरोबर मुरमात उतरतो, आणि शोषखड्ड्यातूनही येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते घातक आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. बाळाच्या वरच्या दुधासाठी असं पाणी उकळूनही वापरू नका. यूव्ही फिल्टरनेही ते जात नाही.

जंतूंची तपासणी पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर करा. उन्हाळ्यातला चांगला अहवाल जुलैची हमी देत नाही. घरी प्राथमिक अंदाजासाठी एच२एस बाटली वापरा : खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची, २४ ते ४८ तासांत काळी पडली तर मैल्याची शंका घ्यायची. पक्की खात्री प्रयोगशाळेतच.

नमुना घेताना बहुतेकांचं चुकतं, म्हणून क्रम :

१) टाकीच्या नळाचा नको, थेट मोटारीच्या तोंडाचा नमुना घ्या. नाहीतर अहवाल टाकीचा येतो.
२) मोटार दहा मिनिटं चालू द्या.
३) जंतूंसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरा. झाकणाच्या आत बोट लावू नका, बाटली विसळू नका. मिनरल वॉटरची धुतलेली बाटली चालत नाही.
४) बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोहोचवा.
५) क्षारांसाठी वेगळी, स्वच्छ, एक-दोन लिटरची बाटली द्या.

आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर दुसऱ्या दिवशी जंतूंचा नमुना घेऊ नका. तो चांगलाच येणार.

५. निर्जंतुकीकरण : हिशोब करून

डोळ्याने अंदाज घेऊन मूठभर पावडर टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कमी पडली तर जंतू राहतात, जास्त झाली तर लोक वासाने पाणी टाळतात आणि मग कायमची पावडर बंद होते.

*विहिरीसाठी.* पाण्याचं आकारमान : ३.१४ × व्यास × व्यास × पाण्याची खोली ÷ ४, सगळं मीटरमध्ये. उत्तराला १००० ने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाची विहीर, चार मीटर पाणी : २८ हजार लिटरच्या आसपास. चांगल्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं. १००० लिटरला ५ ग्रॅम धरलं तर या विहिरीला १४० ग्रॅम. वजन काट्यावर करा.

मग असं करा. प्लास्टिकची बादली घ्या, धातूची नको. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. थोड्या पाण्यात आधी कालवून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. हेच विहिरीत जायचं. बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवत रिकामी करा. खाली उरलेला चुना विहिरीत टाकू नका. वेळ रात्रीची निवडा, म्हणजे सकाळपर्यंत उपसा नसतो. निदान एक तास तरी पाणी काढायचं नाही.

सकाळी ओटी टेस्ट करा. नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब. फिकट पिवळा रंग आला तर क्लोरिन शिल्लक आहे. नळाला किमान ०.२ पीपीएम (मिलिग्रॅम प्रति लिटर) हवं. रंग आलाच नाही तर दोन शक्यता : पावडर जुनी आहे, किंवा पाण्यात घाण इतकी की क्लोरिन तिथेच संपलं. उघड्या पोत्यातली, दमट झालेली पावडर बाद समजा.

*बोअरसाठी.* साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. २०० फूट पाणी उभं असेल तर १३०० लिटर. मोटार बदलली, पुराचं पाणी शिरलं किंवा तपासणीत जंतू निघाले तर इथे मोठी मात्रा लागते : २०० ग्रॅम टीसीएल, वर सांगितल्याप्रमाणे निवळून. ती आत ओतल्यावर मोटार चालू करून तेच पाणी नळीने परत बोअरमध्येच सोडा, म्हणजे केसिंगच्या भिंतीही धुतल्या जातात. नळीतून येणाऱ्या पाण्याला क्लोरिनचा वास येईपर्यंत हे करा, बारा तास बंद ठेवा, आणि नंतर उग्र वास जाईपर्यंत पाणी बाहेर काढा. ते पाणी बागेला किंवा विहिरीकडे नको. या काळात कुणी चुकून प्यायला घेऊ नये म्हणून टाकीचा वॉल्व बंद करा आणि इमारतीत सगळ्यांना सांगा.

*सावधान :* टीसीएल आणि टॉयलेट क्लीनर किंवा कोणतंही अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. दोन्ही एका कपाटात ठेवू नका.

*सावधान, जिवाचं :* गाळ काढायला माणूस विहिरीत उतरवण्याआधी थांबा. खोल, बंदिस्त आडात प्राणवायू कमी असतो. पेटता कंदील दोरीने तळापर्यंत सोडा. तो विझला तर कुणीही उतरायचं नाही. जळत राहिला तरी एकट्याने उतरायचं नाही. कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीत. डिझेल इंजिन आत किंवा काठावर चालवू नका. पहिला बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढायला दुसरा धावून उतरतो आणि दोघंही जातात, असं घडत आलं आहे.

६. पुनर्भरण : वरचे पाच टप्पे झाल्यावरच

एका जूनमध्ये आमच्या इमारतीत कंत्राटदाराने गच्चीचा पाइप थेट बोअरच्या केसिंगला जोडून दिला. पहिल्याच पावसात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा आत गेली. आठवड्यात पाणी पिवळट झालं, आणि वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांना जुलाब लागले. पाइप तोडला, तीन दिवस उपसा केला, मोठी मात्रा दिली, दोनदा तपासलं, तेव्हा पाणी प्यायला घेता आलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : पिण्याच्या बोअरमध्ये थेट पुनर्भरण करू नये. बाजूला खड्डा करून पाणी मुरूमातून जिरू द्यावं. वेळ लागतो, पण माती गाळून देते.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. १० मिलिमीटरच्या एका सरीत ९३० लिटर, गळती-बाष्प वजा जाता ७४० च्या आसपास.

विहिरीत सोडायचं असेल तर आधी गाळणखड्डा : दीड मीटर लांब, रुंद आणि खोल. तळाला मोठे दगड, मधे खडी, वर जाड वाळू. पाणी वाळूवर पडावं आणि तळाच्या पाइपाने विहिरीत जावं. उलटे थर भरलेले खड्डे मी पाहिले आहेत. वाळू खाली गेली की ती पाइप तुंबवते. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला वेगळा वॉल्व ठेवा. दरवर्षी मे अखेर वरची वाळू काढून धुवा.

पार्किंगचं, अंगणाचं आणि बागेचं पाणी यात कधीही घेऊ नका. तेल आणि खत दोन्ही खाली जातात.

७. नवी बोअर आणि बंद पडलेली बोअर

नवी मारण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात भूवैज्ञानिक पाहणीबद्दल विचारा. नारळ उभा राहिला म्हणून जागा ठरवणं महागात पडतं. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार ६० मीटर (सुमारे २०० फूट) पेक्षा खोल विहीर ‘खोल विहीर’ ठरते, आणि बोअरही त्यात येते. परवानगीचं काय ते मशीन दारात येण्याआधी विचारून घ्या. मशीन चालू असताना स्वतः उभे राहा, दर दहा फुटांचा चुरा वेगळा काढून ठेवा, आणि लाल गेरू लागला तर केसिंग त्याच्याखाली पक्क्या पाषाणात बसल्याशिवाय मशीन जाऊ देऊ नका. गेरू पाण्याने ढासळतो. लालसर गढूळ पाणी देणाऱ्या कितीतरी बोअरचा दोष हाच असतो.

बंद पडलेली बोअर उघडी ठेवणं हा दुहेरी धोका आहे : मूल पडू शकतं, आणि गल्लीतलं पाणी त्या वाटेने सगळ्यांच्या पाण्यात उतरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये याबद्दल निर्देश दिले आहेत. चालू बोअरच्या केसिंगभोवती ०.३ मीटर जमिनीखाली आणि ०.३ मीटर वर असा सिमेंटचा चौथरा, पोलादी प्लेट वेल्ड करून किंवा बोल्टचं मजबूत झाकण, आणि सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरलेली हवी. वरची दहा फूट चिकणमातीने ठासा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा पाहा. भराव बसून वर खळगा पडतो, तो त्याच दिवशी भरून घ्या.